पाठभेदाची कळ

इलेक्ट्रिक गिटारविषयी पुष्कळ लिहिले जाते. तिच्या लाकडाविषयी, तारांविषयी, ती वाजवणाऱ्यांच्या केसांविषयी आणि व्यसनांविषयीही. तिच्या अंगावरच्या नॉबविषयी मात्र सहसा कोणी चार ओळी खर्च करीत नाही. नॉब फिरवायचा, आवाज लहानमोठा करायचा, फार तर बोथट किंवा धारदार करायचा. यात लिहिण्यासारखे काय आहे, असेच कोणालाही वाटावे. परंतु या नॉबची एक जात अशी आहे, की जी फिरते तशीच वरखालीही होते. चिमटीत धरून तिला अर्धा पेर वर ओढले, की 'कट्' असा बारीक आवाज होतो आणि तीच गिटार दुसऱ्याच गळ्याने बोलू लागते. दाबले की पुन्हा पहिली. या जातीला 'पुश-पुल' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तिने आमचे दोन महिने खाल्ले, आणि साहित्याच्या वर्गात ज्या प्रश्नांवर आम्ही वर्षानुवर्षे तोंडाची वाफ दवडली, त्यांतील एक-दोन प्रश्न प्रत्यक्ष तारेच्या आणि कथलाच्या रूपात आमच्यापुढे आणून ठेवले. म्हणून हे टिपण.

आधी वस्तू कशी आहे ते सांगितले पाहिजे. नॉबखाली जो भाग असतो त्याला गिटारवाले 'पॉट' म्हणतात. पोटेंशियोमीटरचे हे लाडके नाव. घोड्याच्या नालेसारखी वळवलेली कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी एक पाती, एवढाच त्याचा संसार. पुश-पुलमध्ये या पॉटच्या बुडाला एक स्वतंत्र कळ जोडलेली असते. तिला दोन रांगांत तीन-तीन अशी सहा टोके. प्रत्येक रांगेतले मधले टोक समाईक; नॉब खाली असताना ते एका शेजाऱ्याशी जोडलेले, वर ओढल्यावर दुसऱ्याशी. दोन्ही रांगा एकाच दांड्याने हलतात, पण त्यांचा परस्परांशी विद्युत्संबंध काही नाही. एका घरात दोन चुली असाव्यात तसे.

ओढण्याचा नॉब आपल्याला नवा नाही. जुन्या कृष्णधवल टीव्हीच्या काही संचांत आवाजाचे बटण बाहेर ओढले की पडदा उजळत असे. पद्मिनी मोटारीत चोकचा नॉब ओढावा लागे. आणि आपल्या पेटीला तर समोरच्या फळीवर ओढण्याच्या खुंट्यांची रांगच असते. कोणती ओढली यावर सुरांच्या कोणत्या पट्टीत हवा जायची हे ठरते, नर सुरांबरोबर खर्ज बोलणार की नाही हे ठरते. पेटीवाला मैफलीपूर्वी या खुंट्या ओढतो तेव्हा त्याने पेटी बिघडवली असे कोणी म्हणत नाही. पर्याय मुळातच वाद्यात बांधलेले आहेत, हे सर्वांनी मान्य केलेले असते. गिटारच्या बाबतीत मात्र हा पर्याय कारखान्यात नसून मागाहून कोणीतरी आत घुसवलेला असतो, आणि सगळी भानगड तिथेच सुरू होते.

ही भानगड समजायला घरघरीचा इतिहास थोडा पाहावा लागेल. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की वेटोळ्याजवळ चुंबकक्षेत्र बदलले की तारेत वीज उपजते. गिटारचा पिकअप हा त्याचाच एक घरगुती अवतार: काही चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार कंप पावते, खाली वीज उपजते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. परंतु वेटोळ्याला भेदाभेद नाही. ते तारेचे जसे ऐकते तसेच भिंतीतल्या वायरचे, ट्यूबलाइटच्या चोकचे, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचेही ऐकते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, अमेरिकेत ६०. ही आवर्तने घूं-घूं करीत स्पीकरमधून बाहेर पडतात. लिओ फेंडरने १९५० नंतर बाजारात आणलेल्या एकेरी कॉइलच्या गिटारींना ही घरघर जन्मजात चिकटलेली होती. आणि तरीही त्यांचा आवाज असा स्वच्छ, काचेसारखा, की लोकांनी घरघर सोसली.

गिब्सन कंपनीतला अभियंता सेथ लव्हर याने ती सोसली नाही. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले १९५९ मध्ये, आणि मधल्या काळातल्या पिकअपांवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी जी चिठ्ठी चिकटवली जाई तिच्यामुळेच ते पिकअप आज पूज्य मानले जातात. (त्याच सुमारास रे बट्स नावाचा दुसरा एक माणूस स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. साहित्याच्या इतिहासात अशा वेळी आपण लगेच प्रभाव कोणाचा कोणावर म्हणून प्रबंध लिहायला बसतो.) लव्हरची युक्ती अशी: एकाऐवजी दोन कॉइली शेजारी-शेजारी ठेवायच्या; दुसरीची जोडणी उलट करायची आणि तिचा चुंबकही उलटा करायचा. गिटारच्या तारेचा संदेश असा दोनदा उलटा होतो, म्हणजे सुलटाच येतो आणि पहिल्यात मिळतो. बाहेरून आलेली घरघर मात्र चुंबकाची पर्वा करीत नाही. ती एकदाच उलटी होते आणि पहिलीतल्या घरघरीला खाऊन टाकते. दोन नकारांचा होकार, आणि एका नकाराचा नकारच. या पिकअपाचे नाव हंबकर. हे नाव मराठी कानाला हंबरण्याशी सोयरीक सांगणारे वाटते. प्रत्यक्षात हंबरणे बंद करणे हाच त्याचा धर्म.

पण घरघरीबरोबर आणखीही काही गेले. दोन कॉइली तारेला दोन ठिकाणी ऐकतात, एकामागून एक जोडल्याने त्यांचे विद्युत्-ओझे वाढते, आणि वरच्या टिपांची धार बोथट होते. आवाज जाड, उबदार, सायीसारखा. काहींना तो अतिशय प्रिय. काहींना त्यात शब्द बुडाल्यासारखे वाटतात. मग पुढच्या पिढीने विचारले, की या दोन कॉइलींपैकी एक हवी तेव्हा बंद करता येणार नाही का? दोन कॉइली जिथे एकमेकींना भेटतात तो सांधा तेवढा बाहेर काढून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडला की झाले. एक कॉइल मुकी होते, दुसरी एकटी गाते, आवाज उजळतो. आणि घरघर परत येते. हा व्यवहार आम्हाला फार प्रामाणिक वाटतो.

या क्रियेला इंग्रजीत 'कॉइल स्प्लिट' म्हणतात, आणि अर्धे जग तिला 'कॉइल टॅप' म्हणते, ते चूक आहे. टॅप म्हणजे एकाच कॉइलचे वेढे पुरे होण्याआधी मधूनच तार बाहेर काढणे. स्प्लिट म्हणजे दोनांपैकी एकीला रजा देणे. एक संक्षेप आहे, दुसरा वियोग. पारिभाषिक संज्ञांचा असा गोंधळ केवळ आपल्या समीक्षेतच होतो असा आमचा समज होता. तो या निमित्ताने दूर झाला.

तर, घुसवण्याची भानगड. जुन्या गिटारींच्या बाजारात एक शब्द फार प्रतिष्ठेचा आहे: 'अस्पर्शित'. आतले कथलाचे सांधे कारखान्यातलेच असावेत, कोणी सोल्डरिंग आयर्न लावलेले नसावे. लावलेले आढळले की किंमत उतरते, मग काम कितीही चांगले असो. या शुचितेचा आम्हाला पहिल्यांदा रागच आला. कारण याच बाजारात डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ साली लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली, आणि त्या गिटारीत अस्पर्शित असे फारच थोडे उरलेले होते. मान बदललेली, पिकअप बदललेले, मानेजवळचा पिकअप हवा तेव्हा मिसळता यावा म्हणून एक जादा कळ बसवलेली. म्हणजे अनामिक हाताने केला तर तो क्षेपक, आणि प्रसिद्ध हाताने केला तर पाठ. पीटर ग्रीनच्या १९५९ सालच्या लेस पॉलचे उदाहरण याहून गमतीचे. तिच्या एका पिकअपाची दिशा दुसऱ्याच्या विरुद्ध पडलेली. दोन्ही एकदम लावले की आवाज पोकळ, नाकातला, दूरवरून आल्यासारखा होतो. शास्त्राप्रमाणे हा दोष. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, २०१४ मध्ये कर्क हॅमेटकडे आली, आणि आज जगभर लोक आपल्या धडधाकट गिटारीत पुश-पुल बसवून तो दोष मुद्दाम, हवा तेव्हा, निर्माण करतात.

आम्हाला स्वतःला या सगळ्यांत ब्रायन मेचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. त्याने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बांधायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. त्या गिटारीत तीन पिकअप आणि प्रत्येकाला दोन कळा, एक चालू-बंद करण्याची, दुसरी दिशा उलटण्याची. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. पर्याय पहिल्याच दिवशी, उघड, गिटारच्या अंगावर मांडून ठेवलेले. त्याच्याशेजारी उभा राहून गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, ही माहिती विद्यार्थ्यांना सांगितली की वर्गात अजूनही थोडी हालचाल होते. असो. मुद्दा असा, की मेच्या गिटारीला 'मूळ' आणि 'नंतरचे' हा वाद छळत नाही, कारण बाप-लेकांनी मिळून एकाच बैठकीत दोन्ही लिहिले. सगळ्यांच्या वाट्याला अशी बैठक येत नाही.

आमचे एक स्नेही, पेशाने इंग्रजीचे अध्यापक, तीन वर्षांपूर्वी वारले. मागे वहिनी, एक मुलगी, चार कपाटे पुस्तके आणि एक गिटार. गिटार लेस पॉल घाटाची, पूर्व आशियातल्या कारखान्यात झालेली, दोन हंबकर, चार नॉब. बाजारात तिची अशी काही मातबरी नाही. स्नेही चारचौघांत कधी वाजवीत नसत. रात्री पेपर तपासून झाले की खिडकीशी बसून मानेजवळच्या पिकअपावर, टोनचा नॉब निम्म्याच्या थोडा वर ठेवून, मंद गतीने काहीतरी वाजवीत राहत. त्या आवाजाचे वर्णन करायचे तर दाराआडून चाललेल्या बोलण्यासारखा. शब्द कळू नयेत पण माणूस कोण ते कळावे.

मुलगी आता तेविशीची आहे, स्वतः गाणी बांधते आणि म्हणते. तिचे म्हणणे, "काका, या गिटारीत माझे शब्द ऐकूच येत नाहीत हो. कॉर्ड धरला की सगळ्यावर साय येते. ही देऊन एकेरी कॉइलची दुसरी घेऊ का?" वहिनींचे म्हणणे दोन दिवसांनी फोनवर आले: "भावोजी, तिला म्हणावं दुसरी हवी तर घे, पण ही जाणार नाही. आणि हिला आतून कोणी हातही लावायचा नाही." दुसरी घेण्याइतके पैसे या घरात सध्या नाहीत, हे आम्हालाही ठाऊक होते आणि त्यांनाही. आमच्याकडे सोल्डरिंग आयर्न आहे एवढ्याच भांडवलावर हा खटला आमच्यापुढे आलेला.

वहिनींचा आग्रह भाबडा आहे असे आम्हाला वाटले नाही. स्नेही गेल्यानंतर वर्षभराने मुलीने एकदा गिटार लावून नुसती तार छेडली, तेव्हा वहिनी हातातले टाकून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. छायाचित्रे सगळ्यांचीच राहतात. त्यांच्या माणसाचा आवाज, म्हणजे रोज रात्री घरात भरून राहणारा तो आवाज, या एका वस्तूत शिल्लक होता. मुलीचा आग्रहही उद्धट नव्हता. तिला वडिलांची गिटार ठेवायची होतीच, पण देव्हाऱ्यात नव्हे. आम्ही वहिनींना इतकेच म्हणालो, की नॉब खाली असेल तेव्हा आवाज तसाच राहील याची हमी देता आली तरच आम्ही हात लावू. नाहीतर झाकण पुन्हा बंद. त्यावर त्यांनी बराच वेळ काही न बोलता मग "पाहा" म्हटले.

ही हमी देणे वाटते तितके सोपे नाही, आणि या सबंध खटाटोपातला खरा रस तिथेच आहे. 'दाबला की पहिल्यासारखे' असे पुश-पुलच्या प्रत्येक वेष्टनावर सुचवलेले असते. पण कळ बसवण्यासाठी जुना पॉट काढून नवा घालावा लागतो, आणि पॉट हा निमूट साक्षीदार नाही. हंबकरसाठी ५०० किलोओहमचा पॉट वापरतात. मात्र त्यावर ५०० छापलेले असले तरी प्रत्यक्षात वीस टक्के इकडे-तिकडे चालते. नॉब पूर्ण उघडा असतानाही या रोधातून वरच्या टिपा थोड्या गळतच असतात. ४०० चा पॉट काढून ५५० चा घातला तर कळ खाली असतानाही गिटार किंचित उजळ बोलेल. किती उजळ? दहांतल्या नऊ जणांना कळणार नाही इतकी. पण वहिनी त्या नवांतल्या नव्हेत. शिवाय पट्टीवरून पाती सरकताना रोध कोणत्या चालीने बदलतो, एकसारखा की आधी सावकाश आणि मग भरभर, याच्याही दोन जाती. जात बदलली की 'सहाच्या किंचित पुढे' या खुणेचा अर्थच बदलतो. आणि स्नेह्यांचा नॉब नेमका सहाच्या किंचित पुढे उभा होता.

म्हणून आधी मोजमाप. कोनाड्याची खोली व्हर्नियरने घेतली, कारण पुश-पुलचा पॉट साध्यापेक्षा बराच खोल असतो आणि कित्येक गिटारींत तो मावतच नाही. दांड्याचा व्यास घेतला. पूर्वेकडच्या पॉटांचे गळे सात-आठ मिलिमीटरचे असतात, अमेरिकन घाटाचे साडेनऊचे. ते बसवायचे तर लाकडातले भोक वाढवावे लागते, आणि वाढवलेले भोक पुन्हा लहान होत नाही. या कामात परत न फिरणारी अशी हीच एक पायरी आहे. ती आम्ही टाळली; बारीक गळ्याचे तीन पुश-पुल मागवले. स्नेह्यांचा जुना पॉट मीटरवर ४६० किलोओहम भरला. नवे तिघे ४४०, ४६५ आणि ५१०. मधला घेतला.

झाकण उघडताना दोन गोष्टींची धाकधूक होती. पहिली ही, की पिकअपातून फक्त एकच तार बाहेर येत असेल तर सगळेच मुसळ केरात. जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये दोन कॉइलींचा सांधा आतच पुरलेला असतो. पिकअप फोडल्याशिवाय त्याला हात लागत नाही, आणि फोडण्याचा प्रश्नच नव्हता. पण आत चार रंगांच्या तारा होत्या, त्यांपैकी दोन एकमेकींना पिळून काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या. सांधा होता, आणि कोणी तो वापरला नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्या अपेक्षेत नव्हती. प्लास्टिकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूसारख्या फिकट पेन्सिलीने, पेपर तपासताना समासात लिहिणाऱ्या माणसाच्या अक्षरात, एक ओळ होती: '०.०२२ काढून ०.०१५, दिवाळी २००६'. मानेजवळच्या टोनचा कपॅसिटर त्यांनी स्वतः बदललेला होता. ज्यांना ही आकडेवारी परकी आहे त्यांच्यासाठी: टोनचा नॉब बंद करीत नेला की वरच्या टिपा कपॅसिटरच्या वाटेने जमिनीत जातात, कपॅसिटर लहान केला की कमी जातात. म्हणजे तो दाराआडचा आवाज कारखान्याचा नव्हताच. बंद दाराला त्यांनी बोटभर फट ठेवून घेतली होती. सायीविषयी त्यांचीही तक्रार होती, लेकीच्या आधी कित्येक वर्षे, आणि ती त्यांनी कोणाला न सांगता आपल्यापुरती सोडवली होती.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही दरवर्षी एकनाथांचे उदाहरण देतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना निक्षून बजावले, की यात आता कोणी आपली ओवी घालू नये. विद्यार्थ्यांतला एखादा तरी हमखास विचारतो, की मग एकनाथांनी जे केले ते काय होते? आम्ही त्यावर शुद्धी आणि भर यांतला फरक सांगतो. फरक आहेच, आणि महत्त्वाचाही आहे. पण आपण जिला मूळ म्हणून हात जोडतो ती प्रत कोणाच्या तरी काळजीपूर्वक हातून गेलेली असते, हे त्या उत्तरात थोडे दबून जाते. झाकणावरची ओळ आम्ही वहिनींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "मला कधी बोलले नाहीत," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर 'हात लावू नका' हे वाक्य पुन्हा आले नाही. दोन वेळा चहा मात्र आला.

कामाचा तपशील थोडक्यात. तारांच्या रंगांवर विसंबता येत नाही. एका नामांकित बनावटीत काळी तार संदेशाची आणि लाल-पांढरी सांध्याची, दुसऱ्या तितक्याच नामांकित बनावटीत लाल संदेशाची आणि काळी-पांढरी सांध्याची. रंगांचे संकेत भाषेइतकेच मनमानी असतात. कोणत्या दोन तारा एका कॉइलच्या हे रोध मोजून कळते. कॉइलची दिशा कळण्यासाठी काट्याचा जुना मीटर लावून चुंबकावर टेकवलेला स्क्रू-ड्रायव्हर झटकन उचलायचा. काटा उजवीकडे उडाला की डावीकडे, त्यावरून ओळखायचे. डिजिटल मीटरला ही भाषा नीट येत नाही.

मग एक छोटीशी अक्कल, जी आकृत्यांमध्ये बहुधा दाखवलेली नसते. एका पुश-पुलमध्ये दोन रांगा असल्याने दोन्ही पिकअप एकाच नॉबने फोडता येतात. पण दोघांचेही सांधे जमिनीला जोडले तर दोन्हींकडे एकाच जातीच्या कॉइली उरतात आणि दोन्ही पिकअप एकत्र लावले तरी घरघर तशीच राहते. म्हणून मानेकडचा सांधा जमिनीला जोडायचा आणि पुलाकडचा सांधा त्याच पिकअपाच्या संदेशाच्या तारेला. मग इकडे एक जातीची कॉइल उरते, तिकडे उलट जातीची. मधल्या जागेवर दोघी मिळून पुन्हा हंबकर होतात, फक्त एकमेकींपासून वीतभर दूर राहून. नॉब खाली असताना दोन्ही सांध्यांची टोके मोकळी, कुठेच जोडलेली नाहीत. म्हणजे खालच्या स्थितीत कळ असून नसल्यासारखी.

पॉटच्या पाठीवर ग्राउंडची तार झाळताना आयर्न पुरेसे तापलेले हवे. जुन्या गल्ल्यांतून भांड्यांना डाक देत फिरणारे कारागीर हे जाणून असत: कमी तापलेल्या हत्याराने जास्त वेळ घासत बसले, तर सांधाही कच्चा राहतो आणि वस्तूही भाजते. चांगला सांधा चकचकीत, उतरता; कच्चा करडा आणि गोळ्यासारखा. स्नेह्यांनी झाळलेले कपॅसिटरचे दोन सांधे मध्यम प्रतीचे होते, एक थोडा करडाच. त्यांचा कपॅसिटर उचलून नव्या पॉटवर बसवायचा तर हे सांधे सोडवणे भाग होते. आयर्न टेकवले, कथील वितळले, रोझिनचा जुना धूर निघाला. त्या एका क्षणापुरते आम्हाला हे काम नकोसे झाले होते, हे लिहायला हरकत नाही. जुना पॉट कागदात गुंडाळून, वर ४६० लिहून, गिटारच्या पेटीतल्या तारांच्या कप्प्यात ठेवला आहे. कोणाला कधी मागे जायचे झाले तर अर्ध्या तासाचे काम.

ऐकण्याच्या दिवशी नॉब खाली, टोन सहाच्या किंचित पुढे. मुलीने मानेजवळच्या पिकअपावर तीन-चार स्वर सोडले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि आत येऊन बसल्या. मग मुलीने नॉब ओढला. तोच कॉर्ड, पण प्रत्येक तार सुटी, वेगळी. आणि मागे, कुठेतरी फ्रिजच्या आसपास, घूं.

"हा आवाज कसला?" वहिनींनी विचारले.

"तो येणारच, आई. मधल्या जागेवर ठेवलं की जातो."

"मग मधल्याच ठेव ना."

"मधला वेगळा वाजतो गं."

यावर दोघींचे काही काळ चालले. आम्ही मध्यस्थीसाठी आणखी एक पर्याय पुढे केला. मानेकडचा सांधा थेट जमिनीला न जोडता वाटेत एक-दोन हजार ओहमचा रोध ठेवायचा. मग दुसरी कॉइल पुरती मुकी होत नाही. दबक्या आवाजात मागे बोलत राहते, थोडा भराव देते आणि थोडी घरघरही खाते. रोध वाढवावा तसे वडील अधिक, कमी करावा तशी लेक अधिक, असे आमच्या तोंडून निघून गेले आणि ते कोणालाच फारसे रुचले नाही. रोध किती ठेवायचा हे कागदावर ठरत नाही, कानानेच ठरते, म्हणून १.५ आणि २.२ किलोओहमचे दोन रोध चिमट्यांच्या तारांनी बाहेर काढून दिले आहेत, आणि कोणता लावायचा हे मुलीने आठवडाभर वाजवून कळवायचे ठरले. त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात ती तिसराच, ८२० ओहमचा, मागून घेऊन गेली. तोवर झाकणाचे चारांपैकी दोनच स्क्रू लावून ठेवले आहेत.